वाफशावरचा बांध

नवरात्राच्या आदल्या दिवशी धाराशिवच्या बाजारात माती विकायला येते. पत्रावळी, झेंडू, नवे घट, आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर ओतलेली काळी माती. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून देतात. बाया ती मुठीत धरून बघतात, नाकाशी नेतात, थोडी घासाघीस करतात आणि घेऊन जातात. वर्षानुवर्षं मीही तशीच घेत होते. घटाखालची माती घरच्या वावरातली असावी, असं माझी आई म्हणायची. पण माझ्या सासरी वावर नव्हतं, आणि माहेरच्या मातीवर लग्न झालेल्या लेकीचा कसला हक्क, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता मी माती विकत घेत नाही. तेरच्या अलीकडं तेरणा नदी एक वळण घेते, त्या वळणावर माझी पट्टी आहे. लहानशीच आहे. उतरती आहे. पण सातबाऱ्यावर नाव माझं आहे.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बाहेर लागलेला पाऊस. परतीचा. माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि दुपारपासून खिडकीत उजेड नाही. समोरच्या पत्र्यावर असा आवाज चाललाय की हातातल्या ब्लाउजची बाही उलटी जोडली गेली, ती उसवत बसले. या पावसाचं आणि माझं जुनं वैर आहे. मृगाच्या पावसाचं लोक कौतुक करतात, त्याच्यावर गाणी म्हणतात. हा हस्तातला पाऊस येतो तेव्हा जमीन आधीच पोट भरून बसलेली असते. ती एक थेंब आत घेत नाही. मग पाणी वरच्या वर पळतं, आणि पळताना रिकाम्या हातानं जात नाही.

आमचे हे एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. मघाशी डबा ठेवायला आले आणि दारातच म्हणाले, "तेरणेला पाणी आलंय म्हनं. जाऊन बघून यायचं का?"

"कशाला?" मी म्हणाले. "वावर पळून जातंय व्हय कुठं?"

ते हसले. एके काळी हेच वाक्य बोलायची माझी हिंमत नव्हती, हे त्यांना माहीत आहे. कारण एके काळी ते वावर खरंच पळून चाललं होतं, आणि ते जावं म्हणूनच मला दिलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले आणि त्यांचं वर्षश्राद्ध झालं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. जेवायला बसलो होतो. दादा, माझा मोठा भाऊ, ताटावरूनच म्हणाला, "मंदे, सोमवारी रजिस्ट्रीच्या हाफिसात यायचंय. एक सही हाय." ती सही कसली, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. हक्कसोड. बहिणीनं आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा. बदल्यात दिवाळीला साडी, उन्हाळ्यात चार दिवसांचं माहेर, आणि चारचौघांत ‘माझी बहीण लई गुणाची’ एवढं ऐकायचं. गावातल्या सगळ्या बायांनी सह्या केलेल्या. माझ्या आईनं तिच्या माहेरी केलेली. आत्यांनी अण्णांना करून दिलेली.

"मी सही करणार न्हाय," मी म्हणाले. ओरडून नाही, भाकरी मोडता मोडता. चुलीपुढं बसलेल्या वहिनीचा हात तिथंच थांबला आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला.

दादाला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग तो चिडला, मग समजुतीला आला, मग परत चिडला. शेवटी म्हणाला, "हिस्सा घेतलास तर माहेर तुटंल. ध्यानात ठेव."

"तुटू दे की. वावर शेजारीच असणार, चालत येईन."

आता लिहायला मजा वाटते. तेव्हा नव्हती वाटली. माहेर तुटणं ही काही बोलायची गोष्ट नाही, ती रोज उठून सोसायची गोष्ट असते. पण मला राग आला होता, आणि त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. खुरपणीला माझे हात चालत होते, रात्री-अपरात्री विहिरीच्या पाण्याची दारं मी धरली होती, वाफ्यावाफ्यात पाणी वळवलं होतं, तेव्हा मी त्या वावराची होते. नावाचा प्रश्न आला की मी परकी.

दादानं मग हिस्सा दिला. नदीकडची पट्टी दिली. वरची सपाट काळी जमीन त्यानं ठेवली आणि खालचा उतार माझ्या पदरात टाकला. त्या उताराची कीर्ती साऱ्या गावाला ठाऊक होती. दर परतीच्या पावसात वरून ओघळ यायचे, खालून नदी चढायची, आणि दोघं मिळून तिथला थर खरवडून न्यायचे. अण्णांनी दोनदा बांध घातले, दोन्ही वाहून गेले. दादा पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन पावसाळे. दोन पावसाळ्यांत नदीच तिच्याकडनं हक्कसोड करून घेती का न्हाय बघा."

लोक हसले. मला ते दुसऱ्या दिवशी एसटीत कळलं. तेरहून धाराशिवला येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मनात एकच गोष्ट घोकत होते, की ही पट्टी मी नदीला देणार नाही. दादाला द्यायची असती तर सहीच केली असती.

वैशाखात दादानं जेसीबी लावला आणि त्याच्या नि माझ्या जमिनीच्या मधोमध बांध घातला. हिस्सा वेगळा झाला ना, मग हद्द दिसायला हवी. बांध मोठा झाला, पुरुषभर उंच. वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळं एकावर एक रचलेली, दिसायला अगदी किल्ल्याचा तट. आमच्याकडं सगळे बांध उन्हाळ्यातच घालतात. तेव्हा वावर मोकळं असतं, मशीन मिळतं, माणसाला वेळ असतो. पाऊस पडला की कुणाला सवड आहे? ही आमच्या सगळ्यांची पिढीजात चूक आहे आणि ती चूक आहे असं म्हणायला कुणी तयार नसतं, कारण सगळेच ती करतात.

मला ती कळली ती चुलीमुळं. माझी आई चुली घालायची. पांढरी नाही, वाळूची नाही, नदीच्या त्या वळणावरचीच चिकणमाती आणायची, त्यात थोडा पोयटा, म्हणजे पुरानं आणून टाकलेला मऊ गाळ मिसळायची. मी विचारायचे, नुसती चिकण का नाही? ती म्हणायची, नुसती चिकण भेगाळते, नुसता पोयटा ढासळतो, दोघांना एकमेकांची गरज असते. मग ती माती भिजवून ओल्या पोत्याखाली मुरायला ठेवायची. घाई केलेली तिला चालत नसे. कोरडा राहिलेला खडा बोटाला लागला की तो वेचून काढायची. "ह्यो एवढासा खडा आख्खी चूल फोडतो बघ," असं म्हणायची आणि मला परत तुडवायला लावायची. माझ्या पायाच्या बोटांतून ती थंडगार माती वर यायची, सुटता सुटायची नाही. गुदगुल्या व्हायच्या.

जेसीबीचा बांध बघितला तेव्हा मला आईचा तो खडाच आठवला. इथं तर सगळा बांधच खड्यांचा होता. मी त्यातलं एक ढेकूळ पिशवीत टाकलं, नदीकाठची ओलसर चिकण मूठभर घेतली, आणि धाराशिवला घरी आले. ओट्यावर स्टीलचे नाहीत, काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरून ठेवले. एकात वाळलेलं ढेकूळ सोडलं, एकात ओल्या मातीचा दाबून केलेला गोळा. हे कामावरून आले आणि म्हणाले, "हे काय, आज मातीचा च्या का?"

"गप बसून बघा."

वाळलेल्या ढेकळातून बुडबुडे सुटायला लागले. आतली हवा बाहेर यायला धडपडत होती. बघता बघता कडा सुटल्या, ढेकूळ फुललं, बसलं, आणि तळाशी नुसता लगदा राहिला. चहा उकळायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. दुसऱ्या ग्लासातला गोळा होता तसाच. पाणीसुद्धा गढूळ झालं नाही. रात्री झोपताना तसाच, सकाळी उठल्यावरही तसाच. यांनी तो बोटानं दाबून बघितला आणि म्हणाले, "च्यायला." आमच्या घरात यापेक्षा मोठी पावती नसते.

पुढं शेतीखात्यात काम करणारी एक मुलगी माझ्याकडं ड्रेस शिवायला आली होती, तिला मी हे विचारलं. माप घेता घेता तिनं समजावून सांगितलं. वाळूचा कण मोठा असतो, पण एकेकटा. पाण्यानं ओढला की गेला, शेजारचा त्याला धरत नाही. चिकणमातीचे कण डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक आणि चपटे, आणि ओलाव्यानं ते एकमेकांना धरून बसतात. बेताचं पाणी हेच त्यांचं बांधणं आहे. पण मधे हवा राहिली, पोकळी राहिली, तर पाणी आत शिरून त्यांना आतूनच फोडतं. आणि मातीनं एकदा धरलं की नदीला ती कणाकणानं नेता येत नाही, तिला ढेकूळच्या ढेकूळ उचकटावं लागतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. तिच्या ड्रेसला मी अस्तर चांगलं लावलं.

तर वाफसा. पाऊस पडून गेला, दोन-तीन दिवस ऊन लागलं, की माती अशा बेताला येते की पायाला चिकटत नाही आणि हातात भुगाही होत नाही. मुठीत दाबली तर लाडू वळतो. त्या बेताला आम्ही वाफसा म्हणतो. तो थोडे दिवस टिकतो आणि मोडतो. वर्षातला पहिला वाफसा म्हणजे पेरणी. त्या दिवसांत गावात माणूस दिसत नाही, सगळे वावरात. लग्न असलं तर लोक अक्षता टाकून पळतात. पहिला वाफसा चुकवला तर मूग-उडीद गेला, आणि तो चुकवणाऱ्याला गाव वेडा म्हणतं.

मी त्या पहिल्या वाफशावर बांध घातला.

यांनी रजा टाकली. मजूर मिळायचा प्रश्नच नव्हता, सगळे पेरणीला. दोघांनीच नदीच्या कडेपासून जरा आत, उताराच्या तळाशी, गवत काढून जागा साफ केली. खालची जमीन कुदळीनं खरवडली, नव्या मातीनं जुनीला धरावं म्हणून. पट्टीच्या कोपऱ्यातली चिकण खणली, पोयटा मिसळला, वीतभर थर टाकला आणि तुडवला. मग धुम्मस, म्हणजे जमीन ठोकायचा जड लाकडी ठोकळा, त्यानं ठोकला. मग वर दुसरा थर. मी पाऊल टाकायची, हे ठोकायचे. कोरडं ढेकूळ दिसलं की मी उचलून फेकायची. मधे एका जागी पाण्याला निघून जायला दगड लावून सांडवा ठेवला, कारण पाण्याला सगळीकडून अडवलं तर ते डोक्यावरून येतं. बांधावर हरळीचं गवत लावलं आणि नदीच्या अंगाला निर्गुडीच्या काड्या खोचल्या.

वर दादाचं तिफणीनं पेरायचं काम चाललेलं दिसत होतं. तो मधल्या बांधावर चढला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मंदे, वाफसा चाललाय की गं. पेरायचं सोडून चिखल काय तुडवायलीस?"

"बांध घालायले."

"बांध उन्हाळ्यात घालतेत. पान्यानं भिजलेली माती पान्याला थांबवंल व्हय? येडी का खुळी?"

"तुझा तुला, माझा मला," मी म्हणाले आणि पाय जरा जोरातच आपटला. चिखल यांच्या तोंडावर उडाला.

माझा बांध दादाच्या बांधापुढं अगदीच ठेंगणा होता. कमरेएवढासुद्धा नाही. येणारे-जाणारे बघून हसत होते, आणि त्यांना हसायला जागा होती, कारण माझा मूग पेरायचा राहिला तो राहिलाच. उशिरानं थोडी तूर टोकली. वहिनी तेवढी हसली नाही. ती डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन वरून जायची, थांबायची, बघायची आणि काही न बोलता पुढं जायची. आमचं बोलणं तेव्हा बंदच होतं.

आणि मग तो हस्त आला.

त्या वर्षी पोळ्यानंतर आभाळानं थोडेच दिवस उघडीप दिली. तेवढ्यात मूग काढून दादानं वरची जमीन ज्वारीसाठी कुळवाच्या पाळ्या घालून पिठासारखी मऊ करून ठेवली होती. इतकी सुंदर रानबांधणी मी कुणाची बघितली नाही, हे मात्र म्हणायला हवं. घट बसायच्या थोडं आधी एक सकाळ अशी उजाडली की बाहेर दिवस आहे का संध्याकाळ ते कळेना. मी मशीनवरचं काम तसंच टाकून तेरची गाडी धरली. गाडी अलीकडच्या ओढ्याशी थांबली. पुढं चालत गेले. वाटेत चिखलाचा तो वास, ओल्या कडब्याचा, बेडकांचा, कुजलेल्या पाल्याचा. अजूनही परतीचा पाऊस लागला की तो वास आधी माझ्या घशात येतो आणि मग नाकात.

टेकाडावर वहिनी उभी होती, युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. दादा खाली मधल्या बांधावर खोरं घेऊन पळत होता. इथं माती टाक, तिथं माती टाक. वरच्या रानातून पाणी येत होतं आणि ते पाणी राहिलंच नव्हतं, काळं कालवण झालं होतं. ते जेसीबीच्या बांधाला येऊन टेकलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या तटातून बुडबुडे यायला लागले. मी काचेचा ग्लास बघितला होता, म्हणून मला पुढचं माहीत होतं.

"दादा, खाली उतर," मी ओरडले. "उतर लवकर!"

तो उतरला म्हणून वाचला. बांध फुटला असं म्हणता येणार नाही. तो फुगला, खचला आणि जागच्या जागी बसला. मग दादाची पाळी घातलेली जमीन त्याच्या मागोमाग माझ्या पट्टीत उतरली. माझी तूर दिसेनाशी झाली. समोरून नदी चढत होती, वळणावर तिचा सगळा जोर माझ्याच अंगाला. आणि या दोन पाण्यांच्या मधे तो माझा ठेंगणा बांध, त्याच्यावरची जेमतेम धरलेली हरळी.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.  त्या बांधात माझा गेलेला वाफसा होता, गेलेला मूग होता, तुटलेलं माहेर होतं. तो गेला असता तर माझ्याजवळ सातबाऱ्यावरचं नाव राहिलं असतं आणि त्या नावाखाली नदी. वरचं पाणी येऊन बांधाला धडकलं, फिरलं, आणि सांडव्याच्या दगडांवरून खळखळत बाहेर पडलं. नदीकडून एक ढेकूळ सुटलं. मग दुसरं, निर्गुडी जिथं लागली नव्हती तिथलं. माझ्या तोंडून निघालं, "घे की. घे, घेऊन दाखव. तुला काय वाटलं, फुकट देईन?"

मी नदीशी भांडत होते. वहिनीनं वळून माझ्याकडं बघितलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण पाऊस इतका होता की ते हसू होतं की काय, नीट दिसलं नाही.

बांध राहिला. नदीच्या अंगानं त्याचे लचके तुटले होते, दोन ठिकाणी तर अर्धा झाला होता, पण तो राहिला. पाणी ओसरल्यावर मी त्याच्यावर हात ठेवला. वरून बुळबुळीत, आत घट्ट. काठाच्या दरडीतून नेहमीसारखी जुनी खापरं डोकावत होती. तेरच्या आसपास जिथं नदी कोरते तिथं ती निघतातच, कुणाच्या घरातली, कोणत्या काळातली, देव जाणे. मी त्यातलं एक धुऊन पिशवीत टाकलं. ते अजून माझ्या मशीनच्या खणात आहे, खडूच्या शेजारी.

तूर मेली. पण पट्टीवर नवा गाळ बसला होता, मऊ, काळा, मुगाच्या पाल्यासकट. उतारावरून येणारं गढूळ पाणी बांधाशी थांबलं होतं आणि थांबल्यावर त्यानं हातातलं सगळं खाली ठेवलं होतं. जिथं दर वर्षी खरवड व्हायची तिथं पहिल्यांदा भर पडली होती. त्या वर्षी मी बाजारातून माती आणली नाही. पत्रावळीवर माझ्या पट्टीतली माती पसरली, धान्य मिसळलं, वर घट ठेवला. माळेला माळ चढत गेली तसे कोंब वर आले, पिवळसर, दाट. मी रोज उठून आधी तेच बघायची.

दसऱ्यानंतर ऊन पडलं, वाफसा आला, आणि दादा आला. ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. ट्रॉलीत वहिनी होती, पाट्या होत्या, खोरं होतं.

"माती न्यायला आलोय," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. वरच्या रानातली हाय ती. समद्या गावाला म्हाईत हाय."

मी बाजूला झाले. "ने की. पर तुझी तेवढीच ने. माझीला हात लावू नगंस. निवडून घे."

"निवडून? माती काय तांदूळ हाय का निवडायला?"

"ते तुझं तू बघ."

तो खाली बसला. मूठभर गाळ उचलला, हाताच्या तळव्यावर मळला, लाडू केला, मोडला, परत केला. माझा भाऊ मातीतला माणूस आहे. त्या मुठीत त्याचं काय आणि माझं काय, हे वेगळं करता येणार नाही, हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.  मग म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता, "अण्णांची माती हाय ही, मंदे."

"मग अण्णांच्या लेकीकडंच हाय की."

  दादानं ट्रॉलीतलं खोरं ओढलं, माझ्या बांधावर गेला आणि होती नव्हती ती ताकद लावून हाणलं. "न्हाय ठिवत हा बांधच!" खोरं मानेपर्यंत आत गेलं आणि तिथंच बसलं. वाफशावरची मुरलेली चिकण ती. त्यानं ओढलं, हलवलं, पाय लावून ओढलं. माती सोडेना. तिसऱ्या हिसक्याला दांडा त्याच्या हातात आला, खोरं बांधातच राहिलं, आणि दादा मागच्या मागं नव्या गाळात बसला.

 मग ट्रॉलीतून एक आवाज आला. वहिनी हसत होती. तोंडाला पदर लावून आधी, मग पदर सोडून. ट्रॉलीची कड धरून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ती लग्न होऊन आमच्या घरी आल्यापासून तिचं हसणं मला पहिल्यांदा ऐकू आलं. दादा उठला, मागं झटकायचा प्रयत्न केला, ते काही निघेना, आणि हातात नुसता दांडा घेऊन ट्रॅक्टरवर चढला. रिकामी ट्रॉली धडधडत वर गेली.

ते खोरं काढायला मला आणि यांना पाणी शिंपडत, हळूहळू सोडवत, अर्धी सकाळ लागली. मी त्याला नवा दांडा बसवला.

पुढच्या वर्षी पहिल्या वाफशाला मी बांधाच्या डागडुजीला गेले. बांध एकदा घालून होत नाही. उन्हानं भेगा पडतात, त्या दर वर्षी ओल असताना बुजवाव्या लागतात. बघते तर वहिनी वरून येत होती. वरच्या रानातल्या दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्सं, आमचं खोरं द्या. खोरं न्यायला आलेय म्या." आणि जवळ येऊन तिनं चपला काढल्या, लुगड्याचा काचा मारला, आणि तुडवायला लागली.

दोघींनी मिळून एक थर तुडवून काढला. मग तीच म्हणाली, खाली बघत, "सोनारीला, म्हायेरी, आमचं वावर हुतं. देवळाच्या मागल्या अंगाला. म्या सही करून दिली भावाला. पेन बी त्याचाच हुता." थोडं थांबून म्हणाली, "आता तिथली माती पायाला कशी लागती, तेबी आठवंना झालंय."

 मी पाय टाकत राहिले. ती पण. संध्याकाळी ती परत गेली तेव्हा पोटऱ्यांपर्यंत माती होती आणि हात रिकामे. खोरं माझ्याकडंच.

तेव्हापासून दर वर्षी ती खोरं न्यायला येते. घरी सांगून येते आणि तशीच परत जाते. दादा विचारत नाही. त्यानं मधला बांध परत घातला, पण आता तो वाफशावर घालतो. मला विचारायला आला नाही. मीही सांगायला गेले नाही. लांबून दिसतं, थर टाकतो, तुडवतो. आमच्यात अजून बोलणं कमीच आहे. काही गोष्टी जुळायला आमच्या चिकणीपेक्षा जास्त मुरावं लागतं.

यंदाच्या वाफशाला वहिनी आली तेव्हा तिच्या हातात काहीतरी होतं. लांबून मला वाटलं काठी आहे. जवळ आल्यावर बघितलं तर दांडा. जुना, हातानं गुळगुळीत झालेला.

"हे काय वैनी?"

"त्यांनी दिलाय. म्हनले, तू काय खोरं आणत न्हायस. मग ह्यो दांडा तरी घिऊन जा. दुसरा दांडा त्या खोऱ्याला ढिला पडतो म्हनं, हाताला फोड येतो."

मी दांडा हातात घेतला. तो अण्णांच्या वेळचा होता, मला मूठ ओळखता आली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी येऊ दिलं. मग दगडानं ठोकून दांडा खोऱ्यात बसवला आणि बांधाच्या कामाला लागले. दांडा घेतला म्हणून सही करीन असं कुणाला वाटलं असेल, तर त्यांनी ते मनातून काढून टाकावं.

बाहेर पाऊस वाढलाय. बाही उसवून झाली, नीट जोडली. आता हे परत दारात येतील आणि म्हणतील, तेरणेला पाणी चढलंय, बघून यायचं का. उद्या जायचंच आहे, घटाची माती आणायला, तेरच्या पहिल्या गाडीनं. बांधाचा लचका तुटला असेल तर तुटला असेल. वाफसा येईल, तेव्हा भरून काढू, आम्ही दोघी, त्याच दांड्यानं. नदीला काय मागायचं ते मागू दे. सही मिळणार नाही.